अप्पासाहेबांची मिशी आणि माझा सरकलेला दिवा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस जवळ येतो, माझ्या डोक्यावर टिचकी मारतो आणि विचारतो, "हे मोसंबीचा रस काढायचं यंत्र का?" मी राग मानत नाही. खाली लाकडी पाट, पाटावर उभा लोखंडी खांब, खांबावर खालीवर सरकणारे पत्र्याचे मोठे डोके आणि त्या डोक्याच्या तळाशी काचेचा एकच डोळा, असे माझे रूप आहे. मी जुना एन्लार्जर आहे. काडेपेटीएवढ्या निगेटिव्हवरून भिंतीवर टांगण्याएवढा फोटो करून देणे हा माझा धंदा. तुमच्या आजीआजोबांच्या लग्नाचा फोटो घरात असेल, तर तो माझ्याच एखाद्या भाऊबंदाच्या डोळ्याखालून गेलेला असणार.

माझे मालक मल्हारराव गिऱ्हाइकांना सांगतात की मी जर्मनीचा आहे. मी जर्मनी पाहिलेली नाही. माझा जन्म कलकत्त्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला आणि माझ्यावर जर्मन वाटेल असे नाव तिथल्याच एका रंगाऱ्याने रंगवले. पण मालक आपले घराणे वाढवून सांगत असेल तर यंत्राने मध्ये तोंड घालू नये, एवढी रीत मला कळते. मल्हाररावांचे वडील हयवदनराव यांनी मला रेल्वेने बेंगळुरूला आणले. वाटभर माझे डोके त्यांच्या मांडीवर होते आणि माझे पाय बाकाखाली होते. चामराजपेटेतल्या त्यांच्या स्टुडिओत जिना उतरून गेल्यावर एक खोली होती, तिथे पूर्वी बंबाची लाकडे ठेवत. लाकडे निघाली, खिडकी बुजवली, लाल दिवा लागला आणि तिची डार्करूम झाली. तेव्हापासून मी तिथे उभा आहे.

माझ्या कामाची थोडी माहिती द्यायला हवी, नाहीतर पुढचे भांडण तुम्हांला समजणार नाही. माझ्या डोक्यात एक दुधी दिवा आहे. त्याच्याखाली चष्म्याच्या असतात तशी, पण चांगली जाडजूड, दोन भिंगे आहेत. दिव्याचा उजेड त्या भिंगांतून गोळा होतो, निगेटिव्हमधून जातो आणि पाटावरच्या कागदावर पडतो. आता गंमत अशी, की माझ्या कागदावर जिथे उजेड जास्त पडतो तिथे काळे होते आणि जिथे कमी पडतो तिथे पांढरे राहते. जगाच्या उलट आमचा हिशेब. म्हणून दिवा भिंगांच्या बरोबर मधोमध असावा लागतो. तो एका अंगाला सरकला, की फोटोची एक बाजू काळवंडते आणि दुसरी फटफटीत पडते. दिव्याची दांडी हवी तशी सरकवता येते, आणि ती जागच्या जागी धरून ठेवायला माझ्या टाळूवर एक छोटा स्क्रू आहे.

हयवदनराव दर दसऱ्याच्या आयुधपूजेला तो स्क्रू तपासत आणि मग मला हळदकुंकू लावत. ते गेल्यावर मल्हाररावांनी वडिलांची प्रथा मोडली नाही. ते दर आयुधपूजेला मला हळदकुंकू लावतात.

ब्याण्णव साली शेजारच्या गाळ्यात सांबारपुडीची, म्हणजे सांबाराचा मसाला दळायची, गिरणी आली. ती सुरू झाली की आमची सामाईक भिंत थरथरे, मल्हारराव शिंकत, आणि माझ्या टाळूवरचा स्क्रू केसभर सैल होई. रोजचा केसभर. हे कुणाला कळलेही नाही, कारण रोजचे काम पासपोर्ट फोटोंचे. पासपोर्ट फोटोत एकच चेहरा, तोही मधोमध, आणि मधोमध माझा उजेड ठीक होता. एखाददुसरा शाळेचा किंवा लग्नाचा ग्रुप आला तरी त्यातल्या टोकाकडे कुणी निरखून बघत नसे, म्हणून टोकाला काय चालले आहे हे वर्षातून एकदाच दिसणार होते.

ते वर्षातून एकदा म्हणजे संक्रांत. पेठेतल्या मराठी मंडळाचा ग्रुप फोटो त्या दिवशी निघे. घरी तिळगूळ, कन्नड शेजाऱ्यांकडचे एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांचा तीळगूळच, हे सगळे खाऊन मंडळी हॉलमध्ये जमत. पुढे खुर्च्या, मागे उभे लोक, त्यामागे बाकावर पोरेटोरे. हॉलच्या भिंतीवर असे काळेपांढरे फोटो ओळीने लावलेले होते.

मंडळाचे कार्यवाह अप्पासाहेब. ते आणि मल्हारराव बेळगावच्या शाळेपासूनचे सोबती. अप्पासाहेबांचा रंग भरपूर सावळा, आणि मिशी अशी, की कोपऱ्यावर आधी ती वळे आणि मग अप्पासाहेब वळत. रोज सकाळी दोघे हॉटेलात उभ्याउभ्या बाय-टू कॉफी घेत, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. मग अप्पासाहेब मल्हाररावांना स्टुडिओपर्यंत पोचवत आणि काही काम नसताना जिना उतरून माझ्या खोलीत येऊन बसत. त्या दोघांच्या बोलण्यातले निम्मे एकमेकांना चिडवणे असे. उरलेले निम्मे म्हणजे आदल्या दिवशी काय चिडवले होते त्याची उजळणी.

गिरणी आल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला अप्पासाहेब योगायोगाने पुढच्या रांगेत उजव्या टोकाला बसले. माझा दिवा तेव्हा जरासाच सरकला होता. उजव्या टोकाला उजेड थोडा कमी पडला, आणि फोटोत अप्पासाहेब गोरे आले.

फार गोरे नाहीत. लग्नाच्या जाहिरातीत लिहितात तेवढे.

त्यांच्या पत्नी कृष्णाबाई फोटो घेऊन स्वतः स्टुडिओत आल्या. "भावजी, काय हात आहे हो तुमचा. इतक्या वर्षांत मी ह्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं."

मल्हाररावांनी त्या वेळी "बघतो, दिव्याचं काहीतरी झालं असेल" असे म्हणायला हवे होते. पण मित्रांनो, कौतुक समोर आले की माणूस त्याचे मूळ कुठे आहे ते तपासत नाही. मल्हाररावांनी मान जरा खाली घातली आणि ते म्हणाले, "थोडं करावं लागतं, वहिनी."

हे चार शब्द त्यांना किती महाग पडणार होते, ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. मला फक्त एवढेच जाणवत होते, की माझा दिवा सरकतो आहे आणि त्याचे श्रेय दुसराच घेतो आहे.

पुढच्या संक्रांतीला उजव्या टोकावर झुंबड उडाली. ज्यांच्या घरी मुली लग्नाच्या होत्या ते सगळे मुलींना त्या बाजूला ढकलू लागले. रांग अशी वाकडी झाली, की मल्हाररावांना कॅमेरा उचलून सरकवावा लागला. पण खुर्च्या मांडण्याचे काम कार्यवाहांचे. अप्पासाहेबांनी शेवटच्या खुर्चीवर सकाळीच रुमाल टाकून ठेवला होता. त्या वर्षी ते आणखी गोरे आले. मिशीची टोके मात्र थोडी विरळ वाटली. "कापलीस काय रे?" असे मल्हाररावांनीच विचारले, आणि "तुझ्या डोळ्याला चाळशी लागली," असे उत्तर मिळाले. विषय कॉफीत बुडाला.

तिसऱ्या वर्षी अर्धी मिशी गेली आणि उजवा कान भिंतीत मिसळला. मल्हाररावांनी त्यावर आपल्या पद्धतीने इलाज केला. कागदावर उजेड जास्त वेळ पाडला. त्याने अप्पासाहेबांची मिशी परत आली खरी, पण डाव्या टोकाला मंडळाच्या अध्यक्षा जमनाबाई बसल्या होत्या, आणि तिकडे उजेड आधीच जास्त होता. जमनाबाई फोटो घेऊन आल्या. त्या मोठ्याने बोलत नसत. फोटो टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, "मल्हारराव, हा माझा फोटो की माझ्या तव्याचा?"

मल्हाररावांनी तो फोटो परत घेतला आणि पुन्हा जुन्याच मापाने काढला. अध्यक्षांचा रंग वाचवायचा की कार्यवाहांची मिशी, असा प्रश्न पडल्यावर त्यांनी मित्राची मिशी सोडून दिली. मैत्रीत एवढे चालते, असा त्यांचा समज.

आणि नेमके तेव्हाच लॅबचे प्रकरण निघाले. शहरात रंगीत फोटोंच्या लॅबा उघडल्या होत्या. रोल द्या, कॉफी पिऊन या, फोटो तयार. मंडळाच्या सभेत अप्पासाहेब सहज बोलून गेले, "पुढच्या खेपेला रंगीत काढू या की. किती दिवस आपलं हे काळंपांढरं?" मल्हारराव सभेत काही बोलले नाहीत. डार्करूममध्ये येऊन मात्र मला म्हणाले, "रंगीत पाहिजे म्हणे. ह्याच्याकडं रंग आहे कुठं, रंगीत काढायला?" अंधारात काम करणारी माणसे यंत्राशी बोलतात. गेल्या पन्नासेक वर्षांत पेठेतली जेवढी गुपिते मी ऐकली, तेवढी पोस्टमननेही ऐकली नसतील.

चौथ्या संक्रांतीच्या फोटोत अप्पासाहेबांच्या जागी एक कोट, एक कॉलर आणि हवेत तरंगणारा एक चष्मा आला.

ते जिना उतरून खाली आले. बसले नाहीत.

"हे काय आहे?"

"ग्रुप फोटो."

"ह्यात मी कुठाय?"

मल्हाररावांनी बोट ठेवले. "हा काय."

"हा चष्मा आहे. आत कोण आहे?"

"तू हलला असशील."

"मी हललो आणि माझा चष्मा तिथंच थांबला होय?" अप्पासाहेबांनी फोटो त्यांच्या नाकापाशी धरला. "लॅबचं नाव काढलं म्हणून मला पुसलंस. सरळ सांग की."

"मी कशाला पुसू? मला दुसरी कामं नाहीत?"

"गोरं केलं तेव्हा हात तुझा होता. थोडं करावं लागतं म्हणालास कृष्णेला. मग मिशी कुणाच्या हातानं गेली?"

या प्रश्नाला खरे उत्तर एकच होते आणि ते मल्हाररावांच्या डोक्यावर वीतभर वर, माझ्या टाळूत होते. पण ते द्यायचे तर आधीचे कौतुक परत करावे लागले असते. मल्हाररावांनी ते केले नाही. ते म्हणाले, "माझं मशीन जर्मन आहे. ते चुकत नाही."

"झालं तर मग," अप्पासाहेब म्हणाले. "मशीन चुकत नाही म्हणजे माणसानंच केलं." आणि ते जिना चढून गेले.

त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद. सकाळी एक जण हॉटेलाच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला उभा राहून आख्खी कॉफी घेऊ लागला. आख्खी कॉफी दोघांनाही झेपत नसे. मल्हारराव दुपारपर्यंत छातीत जळजळतेय म्हणून तक्रार करत, आणि मला खात्री आहे की तिकडेही तेच चालू असणार. संक्रांतीला तिळगुळाचे डबे दोन्ही घरांतून गेले-आले, पण ते बायकांच्या हातून. ग्रुप फोटोही निघत राहिला. अप्पासाहेब त्याच टोकाच्या खुर्चीवर बसत, कारण दुसरीकडे बसले असते तर घाबरले असे दिसले असते. मल्हारराव काळ्या कापडाखाली डोके घालून, "टोकाच्यांनी इकडे बघावं," असे आदराने म्हणत. बालमित्राला आदराने बोलणे ही शिवी आहे, हे तिथे सगळ्यांना कळत होते. फोटोत दरवर्षी कोट आणखी फिका येई.

मग मंडळाची पंचवीस वर्षे भरली. रौप्यमहोत्सवाचा भलामोठा फोटो हॉलच्या दर्शनी भिंतीवर लागायचा होता. अप्पासाहेब म्हणाले, "मल्हारराव काढणार असतील तर मी बसत नाही." मल्हारराव म्हणाले, "लॅबवाला येणार असेल तर मी हॉलची पायरी चढत नाही." जमनाबाईंनी दोघांचे ऐकून घेतले. "मग दोघांना वगळून काढू," त्या म्हणाल्या, "पुढच्या रांगेत जागाही ऐसपैस होईल." शेवटी काम लॅबला द्यायचे ठरले. जुन्या फोटोंच्या प्रतीही आता तिथेच निघणार होत्या, म्हणून मंडळाची सगळी निगेटिव्ह स्टुडिओतून परत आणायचे ठरले. ती आणण्याचे काम नियमाप्रमाणे कार्यवाहांवर आले. येत्या रविवारी.

शनिवारी मल्हारराव माझ्या पाटावरची धूळ पुसत बराच वेळ उभे होते. धूळ तेव्हाच संपली होती, पण ते पुसत राहिले. "निगेटिव्ह एकदा गेली की झालं," ते मला म्हणाले. "मग तो इथं खाली कशाला यायचा? भांडायलासुद्धा यायचा नाही."

रविवारी सकाळी त्यांची मुलगी भार्गवी निगेटिव्हची पाकिटे लावायला बसली. ती तेव्हा टेलिफोन खात्यात नोकरीला होती. दिवसभर लोकांची बोलणी जोडून देई आणि घरी आल्यावर वडिलांची तुटलेली बघे. मल्हाररावांनी आपली बाजू मांडायला सगळ्या वर्षांचे फोटो जमिनीवर पसरले.

"बघ. मी काही केलंय का ह्यात?"

भार्गवी रांगेत पसरलेले फोटो पाहत होती. तिथेच त्याच हंगामातला एका शाळेचा ग्रुप फोटोही पडला होता. तिने तो उचलला.

"अण्णा, हे उजव्या टोकाचे कोण?"

"त्या शाळेचे ड्रिल मास्तर."

"ह्यांच्याशी पण तुमचं भांडण आहे?"

"त्यांना मी ओळखतसुद्धा नाही."

"मग ह्यांचं नाक कुठं गेलं?"

मल्हाररावांनी फोटो हातात घेतला. मग एका लग्नाचा घेतला. उजव्या टोकाला वरमाय असावी, कारण साडीचा काठ आणि नथ दिसत होती. मग त्यांनी मंडळाचे फोटो पुन्हा पाहिले. पण या वेळी त्यांनी अप्पासाहेबांना पाहिले नाही. अप्पासाहेबांच्या मागचा खांब पाहिला. खांबही दरवर्षी थोडा थोडा विरत गेला होता. खांबाचा आणि लॅबचा काही संबंध नव्हता.

ते उठून डार्करूममध्ये आले. त्यांनी माझ्यातली निगेटिव्हची चौकट काढली, माझे डोके खांबाच्या अगदी वरच्या टोकाला नेले, पाटावर कोरा पांढरा कागद ठेवला आणि दिवा लावला.

डाव्या बाजूला लख्ख दुपार होती आणि उजव्या बाजूला दिवेलागण.

मित्रांनो, एवढी वर्षे मी जे सांगू शकलो नाही ते त्या कागदाने एका क्षणात सांगितले. मल्हारराव स्टुलावर चढले. माझ्या टाळूवर हळदकुंकवाचे थर बसले होते. ते त्यांनी नखाने खरवडले. खालचा स्क्रू इतका ढिला होता, की बोट लागताच फिरला. त्यांनी दिव्याची दांडी थोडी सरकवली, मग खाली वाकून पाहायला गेले, तर त्यांच्याच पोटाने कागद झाकला. म्हणून ते खाली उतरले. कागद पाहिला. दांडी जास्त सरकली होती, आता उजवीकडे दुपार झाली होती. पुन्हा चढले. पुन्हा सरकवली. पुन्हा उतरले. आता दिवा खाली घसरून कागदाच्या मधोमध ताटाएवढा झगझगीत डाग पडला होता. त्यांचे गुडघे इतक्या जोरात वाजू लागले, की शेजारची गिरणी चालू आहे असे वाटावे. वर चढून फिरवणारा आणि खाली उभा राहून बघणारा, हे दोघे एकच माणूस असू शकत नाहीत, हे माझ्या घडणीतच आहे.

ते तिसऱ्यांदा वर होते, तेव्हा जिन्यावर पावले वाजली आणि दार उघडले. दारात अप्पासाहेब. हातात निगेटिव्ह न्यायची कापडी पिशवी.

"मंडळाची निगेटिव्ह न्यायला आलोय," ते भिंतीला म्हणाले.

"दार लाव," मल्हारराव वरून म्हणाले. "बाहेरचा उजेड येतोय."

अप्पासाहेबांनी दार लावले. इतक्या वर्षांची सवय. या खोलीत 'दार लाव' म्हटले की आधी दार लावायचे आणि मग भांडायचे.

"निगेटिव्ह कुठं आहेत?"

"मिळतील. खाली कागद दिसतोय?"

"दिसतोय."

"कुठं काळोखी आहे?"

अप्पासाहेबांनी पिशवी उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग कागदाकडे पाहिले. "उजवीकडं," ते म्हणाले.

मल्हाररावांनी दांडी सरकवली.

"वाढली."

"तूच उजवीकडं म्हणालास."

"माझी उजवी. तुझी कशी असेल? तू माझ्यासमोर उलटा लटकलायस."

"मग नीट सांग की. गिरणीकडं का रस्त्याकडं?"

"गिरणीकडं. हां. आणखी. आणखी स्वल्प." अप्पासाहेबांनी पिशवी खाली ठेवली. "जास्त झालं. मागं घे. तुझं नेहमीच जास्त होतं."

"आणि तुझं? सभेत सगळ्यांसमोर लॅब काढलीस."

"मी सहज बोललो होतो. जरा रस्त्याकडं."

"सहज बोलायचं तर कॉफीला बोलायचं. सभेत सहज बोलत नसतात. आता?"

"आता मधे डाग पडलाय, ताटाएवढा."

"दिवा खाली आला असेल. वर घेतो. डाग फुटला की सांग."

"फुटला. पसरतोय. कागदाच्या कडेपर्यंत चालला." अप्पासाहेब पाटावर वाकले आणि त्यांनी नाक कागदाला टेकवले. "मल्हारी, हलू नकोस. तिथंच थांब. सरी, ठीक आहे. एकसारखं झालं."

"चारी कोपरे?"

"चारी."

"खोटं बोलत असशील तर तुझाच चेहरा जाईल."

"गेलेलाच आहे. आणखी काय जायचं राहिलंय?"

मल्हाररावांनी स्क्रू गच्च आवळला. पक्कड लावून आवळला. मला दुखले, पण मी आवाज केला नाही. मग ते खाली उतरले, आणि उतरताना त्यांनी आधाराला जो खांदा धरला तो अप्पासाहेबांचा होता. दोघांनीही तिकडे लक्ष नसल्यासारखे केले.

"दिवा सरकला होता," मल्हारराव म्हणाले. "ब्याण्णवपासून."

"म्हणजे मी गोरा आलो तेव्हापण?"

"हो."

"मग थोडं करावं लागतं म्हणालास ते?"

"काही करत नव्हतो."

अप्पासाहेबांनी हे ऐकून घेतले. मला वाटले, आता दुसरे भांडण सुरू होणार. पण ते म्हणाले, "कृष्णेला सांगू नकोस. ती अजून सगळ्यांना दाखवते तो फोटो."

मल्हाररावांनी त्या वर्षीच्या संक्रांतीची, म्हणजे अबोल्यात काढलेली, निगेटिव्ह माझ्यात घातली. लाल दिव्याखाली कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. दोघे दोन्ही बाजूंनी वाकले. आधी जमनाबाई आल्या, गव्हाळ आणि समाधानी. मग मागचा खांब आला, मग दाराची चौकट. मग उजव्या टोकाला कोट आला, कॉलर आली, चष्मा आला, आणि चष्म्याच्या आत हळूहळू अप्पासाहेब आले.

"मी एवढा काळा आहे?"

"तिसरीत होतास तेवढाच."

"पण मिशी बघ. मिशी अजून पांढरीच आलीय." अप्पासाहेबांनी ट्रेवर बोट दाखवले. "तुझा दिवा अजून कुठंतरी हललेला आहे."

मल्हाररावांनी फोटो पक्का करायच्या दुसऱ्या औषधातून काढला, धुतला, दार उघडले आणि बाहेरच्या उजेडात धरला. फोटोकडे पाहिले. मग समोरच्या माणसाकडे पाहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी त्या चेहऱ्याकडे काळ्या कापडाशिवाय पाहिले असावे.

"दिवा बरोबर आहे, अप्पा," ते म्हणाले. "मिशी पांढरी झालीय तुझी."

अप्पासाहेबांचा हात मिशीकडे गेला. "घरी कुणी काही बोललं नाही."

"घरचे रोज बघतात. त्यांना कसं कळणार?" मल्हारराव फोटोतले पाणी निथळू देत होते. "मी असतो तर पहिला केस पांढरा झाला त्याच दिवशी चिडवलं असतं."

गिरणी रविवारची बंद होती, त्यामुळे फोटोवरून ठिबकणारे पाणी ऐकू येत होते.

अप्पासाहेबांनी पिशवी रिकामीच परत नेली, मंडळाला लॅबचा ठराव मागे घ्यायला लावला, आणि रौप्यमहोत्सवाचा फोटो माझ्याच हातून निघाला. सगळे जसे होते तसे आले, आणि म्हणून पुष्कळ तक्रारी आल्या. उजव्या टोकाच्या मुलींच्या आयांनी मल्हाररावांचा हातगुण गेला असे ठरवले. मल्हारराव कुणाला काही समजावत बसले नाहीत. पुढे मंडळ रंगीत फोटोंकडे वळले, आणि ते ठीकच झाले. काळ कुणासाठी थांबतो? आता मी महिन्यातून एखाद्या वेळी जागा होतो. बाकी दिवस माझ्यावर प्लॅस्टिकचे कापड असते, आणि बाजूच्या स्टुलावर बसून दोन म्हातारे एकमेकांच्या तब्येतीची निंदा करत असतात.

तर मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. तुमच्या घरी जुने यंत्र असेल तर त्याला नुसते झाकून ठेवू नका. अधूनमधून उघडा, त्याचे सैल झालेले आवळा. आणि हे काम एकट्याने करू नका. जो वर चढलेला असतो त्याला आपला उजेड कुठे वाकडा पडतो आहे ते कधीच दिसत नाही. त्यासाठी खाली उभा राहून 'जास्त झालं, मागं घे' असे सांगणारा कुणीतरी लागतो. तसा एखादा माणूस तुमच्याकडे असेल, तर त्याच्याशी पोटभर भांडा, पण बोलणे बंद करू नका.